पहिलं घमेलं

लग्न होऊन रिटाला जेमतेम चार दिवस झाले होते, तेव्हा तिने मागच्या दाराआडून दोन भावांचं भांडण ऐकलं. भांडण चिखलावरून होतं.

"बावखल बापाचं. तेव्हा गाळ थोरल्याचा," बॅप्टिस्ट म्हणाला.

"उपसायला धाकटा आणि न्यायला थोरला होय?" हा तिचा नवरा, सेबॅस्टियन. "तुझी केळ काय दादा, नुसत्या मोठेपणावर वाढते?"

रिटाने पदर तोंडात कोंबला. माहेरी तिने सोन्यावरून भांडणं पाहिली होती, इथे चिखलावरून. पण गिरीज गावच्या वाड्यांत बावखल म्हणजे घरचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं आणि शेजारची विहीर उन्हाळाभर गोड राहायची. तळाचा काळा गाळ बुंध्याशी घातला, की घडांच्या भाराने केळीला टेकू द्यावे लागत.

शेवटी सासूने तंटा मिटवला. "ज्या वर्षी जो गाळ काढील, त्या वर्षी बावखलावर शब्द त्याचा. पहिलं घमेलं थोरल्याच्या केळीला, बाकीचं काढणाऱ्याचं. आता जेवायला बसा."

कागद काही झाला नाही. दर मे महिन्यात सेबॅस्टियनच बावखलात उतरायचा. चौऱ्याण्णव साली तो गेला, तेव्हा सासू आणि बॅप्टिस्टही उरले नव्हते. फावडं रिटाच्या हातात आलं आणि समोर उभा राहिला बॅप्टिस्टचा मुलगा, मेलरॉय.

"काकी, सगळ्यांनी बावखलं बुजवली. बिल्डर दाराशी आलाय आणि आपण डास पाळतोय."

"गप्पी मासे सोडलेत मी. डासांची काळजी त्यांना करू दे."

"अर्धं माझं आहे."

"आहे ना. गाळ काढ, मग बोल."

"कागद आहे का तसा?"

"कागद नाही, कान आहेत. तुझ्या आजीचा शब्द तुझ्या बाबाने मुकाट मानला होता. तुला नाही सांगितलं?"

सांगितलं होतं. मेलरॉय वाईट नव्हता, आजीचा शब्द मोडायला तो धजेना. तो वाट पाहायला लागला. दर मे महिन्यात गॅलरीत उभा राहून तो काकीचे गुडघे न्याहाळी.

हवा बिघडली हे टीव्हीवर सांगायच्या आधी रिटाला पाण्याने सांगितलं. पाऊस यायचा तेव्हा येईना, आणि आला की महिन्याचं दोन दिवसांत ओतून मोकळा होई. उधाणाचं पाणी पूर्वी कधी शिरलं नव्हतं अशा शेतांत शिरायला लागलं. त्यात वाड्यांमधून टँकर भरभरून इमारतींकडे जात. एकेक विहीर खारी झाली. रिटा रोज सकाळी आपल्या विहिरीचं पाणी जिभेला लावी आणि मगच चहा ठेवी.

दोन हजार पाचच्या जुलैत पाणी घरात आलं. मेलरॉयच्या सोफ्यावर बेडूक बसला. पण बावखलाने जमेल तेवढं पोटात घेतलं आणि दुसऱ्या संध्याकाळी अंगण दिसलं. बावखलं बुजवलेल्या बाजूला पाच दिवस गुडघाभर पाणी होतं. मागच्या इमारतीतली मीरा हंडा घेऊन आली, त्यांच्या टाकीत गटार मिसळलं होतं.

"घे बाई," रिटा म्हणाली, "पण एक सांग. गच्चीवरचं पाणी गटारात सोडता आणि वर टँकर मागवता, हा कुठला हिशेब? तो पाइप माझ्या बावखलात वळवा."

सोसायटीच्या तीन मीटिंगा झाल्या, पण मीराने पाइप वळवून घेतलाच. मेलरॉयने त्यानंतर बिल्डरचं नाव काढलं नाही. फावड्यालाही हात लावला नाही.

दोन हजार आठ साली डॉक्टरने रिटाला जड उचलायचं नाही असं बजावलं. त्या वर्षीचा पावसाळा तिने पाहिला नाही. पण त्याआधी मे महिन्यात, चर्चमधली सकाळची मिस्सा आटपून, ती नेहमीसारखी बावखलाच्या पायऱ्या उतरली. घमेलं अर्धंच भरलं तरी धाप लागली.

मेलरॉय खाली आला. त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती.

"दे इकडे, काकी."

"पहिलं माझ्या हातचं. पुढची तू काढ. म्हणजे यंदाचा शब्द तुझा."

"आणि मी बुजवायचं म्हटलं तर?"

रिटाने त्याच्या पायांकडे पाहिलं. ते घोट्यापर्यंत गाळात गेले होते.

"आधी कंबर मोडेपर्यंत उपस. मग सांग काय ते."

तिने घमेलं कमरेवर घेतलं. विहिरीपाशी एकदा टेकली, कुंपणापाशी एकदा. मेलरॉयने स्कूटरसाठी शेड घातली होती, तिच्यामागे थोरल्या घरची केळ आता एवढी एकच उरली होती. तिच्या बुंध्याशी रिटाने गाळ ओतला, हाताने सारखा केला, वरून दोन सुकी पानं टाकली. मागे बावखलात फावड्याचा आवाज येत होता. तिने दगडावर घमेलं आपटून झाडलं, विहिरीवर धुतलं आणि खुंटीला अडकवलं.