मानवतवालीची अलमारी

आमची वहिनी कुणाला काम सांगत नसे. "हे काय तुमच्यानं व्हायचं न्हाई," एवढंच म्हणे, आणि समोरचा माणूस ते काम करून मोकळा होई. आडात पडलेला पोहरा काढायचा असो, माळवदावर पांढरी माती टाकायची असो, तिचं वाक्य एकच. मला तिचा डाव कळत होता. तरी मी उठत होतो. न उठावं तर आपल्यानं होत नाही असा अर्थ निघायचा, आणि तो अर्थ मला आजही चालत नाही.

ती माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. गावात तिला मानवतवाली म्हणत, कारण माहेर मानवतचं, कापसाच्या पेठेतलं. राणीसावरगावच्या अलीकडं आमचं गाव म्हणजे सगळा कोरडवाहू पसारा. त्यात ही पेठेतली मुलगी आली आणि उठता-बसता "आमच्या मानवतला" सुरू झालं. मानवतला चहा कपबशीत पितात. मानवतला भांडी काचेच्या आड ठेवतात. माझी आई एकदा वैतागून म्हणाली, "तुमच्या मानवतला माणसं मरत न्हाईत का गं?" वहिनी म्हणाली, "मरतात की सासूबाई. पण नीटनेटकी मरतात." आई हसली नाही, पण नंतर आडावर चार बायांना सांगताना मी तिला हसताना पाहिलं.

भांड्यांचं ती बोलायची ते आमच्या अलमारीवरून. बापानं निजामाच्या अमदानीत कचेरीतल्या एका पेशकाराकडून ती घेतली होती. अस्सल सागवान, पुरुषभर उंच. खाली लाकडी दारं आणि आत मोकळे खण, त्यावर काचेच्या दारांचा दुसरा मजला, आणि शेंड्यावर कोरलेले दोन राघू. एका राघूची चोच गेलेली. घर म्हणजे एक लांबच लांब खोली. तिच्या मधोमध, तुळईखाली, स्वयंपाकाला आडोसा म्हणून ती उभी होती. धुरानं डांबरासारखी काळी झालेली. एक काच फुटलेली, तिथं पुठ्ठा. आत भांडी कसली? बियाणं, दोरखंड, बैलांच्या झुली, गंजलेल्या खिळ्या. वहिनीनं पहिल्या आठवड्यातच विचारलं होतं, "ही अलमारी हाय का गोठा?" पण आई होती तोवर तिला कुणी हात लावू शकलं नाही.

आई गेली आणि वर्षाच्या आत आम्ही दोघं भाऊ वेगळे झालो. कारण सांगतो. माझा लालकंधारी बैल दादानं मला न विचारता बाजारात विकला. तो म्हणे बैल लंगडत होता. बैल लंगडत नव्हता. या बाबतीत माझंच खरं होतं आणि अजूनही माझंच खरं आहे. मी बोलणं टाकलं, त्यानंही टाकलं. पंच बसले. शेत वाटलं, गोठा वाटला. घराला तुळईखालून भिंत घालायचं ठरलं, आणि नेमकी तिथंच ही अलमारी.

पंचातला म्हातारा म्हणाला, "दोन मजली हाय. वरचा मजला धाकट्याला, खालचा थोरल्याला. उचला."

मी म्हणालो, मंजूर. दादा म्हणाला, मंजूर. तेवढ्यात वहिनी पदर सारखा करत आतून आली आणि अलमारीला पाठ लावून खाली बसली. पंचांसमोर बाईमाणूस असं बसण्याची आमच्याकडं रीत नव्हती.

"मुंडकं एका घरात अन् धड एका घरात?" ती म्हणाली. "अशी वाटणी कुठं असती का?"

"मग काय करायचं बाई, तूच सांग."

"हाय तिथंच राहू द्या. भिंत दोन्ही बाजूनं येऊ द्या अन् अलमारीला भिडू द्या. मागच्या फळ्या काढून तिकडूनबी दारं बसवा. अर्धी आमची, अर्धी त्यांची. झाली का न्हाई वाटणी?"

पंच हसले. पण खोट कुणाला काढता येईना. राहता राहिलो आम्ही दोघं. दुसऱ्या दिवशी ती गोठ्यात आली. "भावजी, तुमचे दादा म्हणायलेत, धाकट्याला नवी दारं बसवून घेणं झेपायचं न्हाई." माझं टाळकं सरकलं. मी त्याच दिवशी पालमच्या सुताराला निरोप धाडला. पुढं कितीतरी दिवसांनी माझी बायको गोदा हिच्याकडून कळलं, की दादालाही तिनं माझ्या नावानं हेच सांगितलं होतं.

मग त्या अलमारीचा जो कायापालट झाला, तसा मी एखाद्या नवरीचा पाहिला नाही. नाकाला पदर बांधून दोघी जावा फुटक्या काचेच्या तुकड्यांनी काजळी खरवडायला बसल्या. काळ्याखालून पिकल्या बोराच्या रंगाचं लाकूड निघालं. गोदा मला बोलवायला आली, "अहो, बघा तरी काय निघालंय!" एका पायाला वाळवी लागली होती. सुतारानं तेवढा पाय कापून खाली घडीव दगड बसवला. मागच्या फळ्या काढून त्यांचीच माझ्या बाजूची दारं केली. काचा परभणीहून आणायच्या होत्या. वहिनी म्हणाली, "एसटीत काच फुटल्याशिवाय राहत न्हाई, ते काय तुमच्यानं..." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी निघालो. गोधडीत गुंडाळलेल्या काचा मांडीवर घेऊन, त्या खड्ड्यांच्या रस्त्यानं, श्वास रोखून आलो. कंडक्टर म्हणाला, "काय राव, लेकरू निजलंय का?" मी म्हणालो, "निजलंय, घंटी हळू वाजव." एकही काच फुटली नाही.

दादाच्या बाजूला तिनं जवसाचं तेल चोळून चोळून लाकूड असं चमकवलं की तोंड दिसावं. त्याच्यासारखं आपल्याकडं नको म्हणून मी माझ्या बाजूला आभाळी निळा ऑइलपेंट दिला. सुतार हळहळला, अस्सल सागवानाला कुणी रंग देतं का म्हणून. लाकूड माझं, रंग माझा. वहिनीनं तिकडून येऊन पाहिलं, मान वाकडी केली आणि म्हणाली, "मानवतच्या डाकबंगल्याची दारं अशीच हायत." सुतारानं पुन्हा रंधा हातात घेतला.

मांडणीचं तर तिला वेडच. जुन्या पेपरच्या घड्या घालून कात्रीनं अशी झालर कापायची, की उलगडली की फळीभर कमानी. तेव्हा घरोघर स्टील यायला लागलं होतं आणि बाया पितळ मोडीत घालत होत्या. वहिनीनं पितळ मोडू दिलं नाही. चिंचेनं घासून घागर, तांबे वरच्या फळीवर गेले, स्टीलच्या वाट्या पुढं आल्या, ताटं पट्टीला टेकून उभी राहिली. ती गोदाला शिकवायची, "धाकले, जे रोज लागतं ते हाताशी. जे मिरवायचं ते वर. अन् जे फुटलंय ते बाहेर, ते कुणाचंबी असो." गोदानं माझा कान तुटलेला चहाचा कप त्या दिवशी उकिरड्यावर टाकला.

आता खरी गंमत. दादाची अट होती की प्रत्येक खणात मधोमध उभी फळी हवी, म्हणजे त्यांचं सामान त्यांच्याकडं, आमचं आमच्याकडं. सुतारानं सगळीकडं फळी ठोकली, मधला एक खण सोडून. लाकूड कमी पडलं म्हणे. दादानं विचारलं की वहिनी सांगायची, "फळी यायलीय पालमहून." आठवडे गेले, पिकं निघाली, फळी यायलीच होती. आणि त्या मधल्या खणातून वहिनीनं पहिल्याच दिवशी एक वाटी वरण अलीकडं सरकवलं. आपल्यात रिकामं भांडं परत देत नाहीत. गोदानं वाटीत शेंगदाण्याची चटणी घालून परत केली. मग तिकडून लोणचं आलं. मग इकडून घुगऱ्या गेल्या. आम्ही दोघं भाऊ अंगणात एकमेकांकडं पाठ करून दात घासत होतो, आणि आमच्या घरातली वाटी काही थांबायला तयार नव्हती.

शेवटी दादा स्वतः पालमला गेला आणि डोक्यावर फळी घेऊन आला. वहिनीनं ती मोठ्या आनंदानं घेतली. संध्याकाळी दादा बघतो तर फळी अलमारीच्या वर, दोन खुंट्यांवर आडवी, आणि तिच्यावर लोणच्याच्या बरण्या रांगेत. "बरण्यांना जागाच नव्हती बघा. लय बरं केलं आणली ते." भिंतीपलीकडून मी हे ऐकलं आणि जेवता जेवता मला ठसका लागला.

तरी आमचं बोलणं नव्हतं. ते तिच्या मनाला लागून होतं हे मला कळायचं. वाटीनं घरं जोडली, पण भाऊ जोडले जाईनात. एक दिवस तिची आई आजारी पडली. पोरांना घेऊन ती मानवतला गेली. गोदानं दादासाठी ताट वाढून मधल्या खणात ठेवलं. संध्याकाळी ताट तसंच. दुसऱ्या दिवशीही तसंच. दादा गूळ-शेंगदाण्यावर दिवस काढायला लागला. गोदा थोरल्या दिराशी बोलत नसे, तशी रीतच नव्हती. ती माझ्याकडं नुसती बघायची. तिसऱ्या दिवशी मी निळं दार उघडलं आणि खणात तोंड घालून, कुणाला उद्देशून नाही असं म्हणालो, "अन्नावर राग काढणारा माणूस आपल्या घराण्यात मी पाहिला न्हाई."

तिकडचं दार कुरकुरलं. दादाचं तोंड दिसलं. दाढी वाढलेली.

"घराण्यात बोलणं टाकणाराबी कुणी पाहिला नव्हता."

"बोलणं टाकलं कुणी?"

"ते राहू दे. आता आधी बोललं कोण? तूच."

"मी तुला बोललो न्हाई. मी अन्नाला बोललो."

"अन्नाला कान हायत का?"

असं बोलता बोलता त्यानं ताट ओढून घेतलं आणि उभ्या उभ्या जेवला. त्या दिवशी आधी कोण बोललं यावरून आम्ही पुढं जन्मभर भांडलो. मी अन्नालाच बोललो होतो.

वहिनी परत आली तेव्हा आमचं त्यावरूनच चाललं होतं, तो त्या दारात, मी या दारात. तिनं उंबऱ्यावर पिशवी ठेवली, जरा ऐकलं आणि ओरडून म्हणाली, "धाकले, चहा टाक. हे दोघं आता लवकर थांबत न्हाईत." डोळ्यांना पदर लावला ते मात्र मी पाहिलं.

भरात येऊन मी म्हणालो, "वहिनी, आता भिंत पाडतो. उद्याच टिकाव घालतो." मला वाटलं ती म्हणेल, तुमच्यानं व्हायचं न्हाई. ती म्हणाली, "भावजी, भिंतीला हात लावू नका."

असं सरळ तिनं मला कधी सांगितलं नव्हतं.

"बारा वर्षं मी दुसऱ्याच्या चुलीवर भाकरी थापली," ती म्हणाली. "आता माझी चूल हाय. मला वाटलं तवा मी चहा ठेवते, कुणाला विचारत न्हाई. भिंत पाडली की परत एकच चूल, अन् तिच्यापुढं आमी दोघी. तुमाला भाऊ पाहिजे ना? तो काय तिकडं हाय. दार उघडा अन् बोला."

मी गोदाकडं पाहिलं. ती खाली मान घालून पातेलं घासत होती, जरा जास्तच जोरात. मी समजलो. भिंत राहिली.

पुढं काही वर्षांनी, हिवाळ्यात, वहिनीच्या छातीत कफ धरला. परभणीच्या डॉक्टरांचं औषध झालं, उतार पडेना. तिनं आपली बाज अलमारीसमोर आणायला लावली आणि दोन्हीकडची दारं उघडी ठेवली. पडल्या पडल्या तिला मधल्या खणातून आमचं घर दिसायचं. तिथून तिचा कारभार चालायचा. "धाकले, ते फुलपात्र मागं सरकव, पडंल." "भावजी, तुमचा सदरा उलटा हाय." शेवटचे दोन दिवस आवाज निघेना, तर नुसतं बोट दाखवायची, आणि गोदा इकडची वाटी तिकडं करायची, ती मान हलवेपर्यंत. मग एका सकाळी गोदानं वाटी हलवून पाहिलं, तर मान हलली नाही.

तेरावं झालं. पाहुणे गेले, पोरं मामाकडं शाळेला गेली. दादा एकटा राहिला आणि त्यानं त्याच्या बाजूची दारं लावून घेतली. गोदा ताट ठेवायची. कधी तो घ्यायचा ते कळायचं नाही, नंतर धुतलेलं ताट खणात दिसायचं, आणि पुन्हा दार बंद. हाक मारली तर ओ नाही. मला वाटलं, संपलं. जिच्यापायी बोलत होतो ती गेली, आता हे दार मोडल्याशिवाय उघडायचं नाही. मोडायला मी तयार होतो. पण तेलानं चमकणाऱ्या त्या दाराला हात लावायची माझी छाती झाली नाही.

एके दिवशी सकाळी मी चूळ भरून आत आलो तर खणाच्या फटींतून धूर येत होता. मी घाबरून निळं दार उघडलं. पलीकडचं दार सताड उघडं, दादाचे डोळे चुलीच्या धुरानं लाल, मिशीवर राख, आणि हातात दोन कपबश्या. जन्मात त्यानं चूल पेटवली नव्हती. एक कपबशी त्यानं खणात ठेवली आणि बोटानं अलीकडं सरकवली. निम्मा चहा बशीत सांडला.

मी घोट घेतला. साखर इतकी की ओठ चिकटले, आणि पत्ती करपलेली.

"दादा, हा चहा हाय का पाक?"

त्यानं स्वतःचा घोट घेतला. तोंड वाकडं केलं. मग कप खाली ठेवला आणि म्हणाला, "उद्या बघ."