आईचा चहा राहिलाय

मंडळी, आज डोकं फिरलंय, कुठेतरी बोलायलाच हवं.

चार महिन्यांपूर्वी आईला स्ट्रोक आला. हातपाय चालतात, पण कशानंतर काय करायचं हे तिच्या लक्षात राहत नाही. थेरपिस्टने सांगितलंय, रोज तिला एकटीला चहा करू द्या, चुकली तरी मध्ये पडू नका. तीच ट्रीटमेंट. म्हणून फ्रिजवर सहा पायऱ्या मोठ्या अक्षरांत लिहून लावल्यात.

आज संध्याकाळी पहिल्यांदाच कुणालाही न विचारता आई चौथ्या पायरीपर्यंत आली. पाणी, आलं, साखर झालं, चहा पावडरचा डबा हातात. आणि बेल वाजली. वाशीहून मामी आल्या.

त्या थेट किचनमध्ये. "अगं, आजारी बाईला कामाला जुंपलंस? ताई, तुम्ही बसा बघू!" डबा काढून घेतला, पाच मिनिटांत चहा केला.

मग सोफ्यावर परीक्षा. "ताई, ओळखलंत का मला? नाव सांगा माझं!"

आई म्हणाली, "सुनंदा. माझा चहा राहिलाय."

मामी माझ्या कानात पुटपुटल्या, "समोर कप आहे, तरी कळत नाहीये गं."

आणि मी? पाहुण्यांना कसं बोलायचं म्हणून गप्प बसले. तो चहा प्यायलेसुद्धा.

मामी गेल्यावर आई उठली आणि फ्रिजवरच्या कागदावर चौथ्या ओळीवर बोट ठेवून उभी राहिली.

आता सांगा, मी चिडू कुणावर?