आप्पांच्या पाणबुडीची भोकं

पाणबुडीला भोकं असतात हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. त्याआधी माझं बरं चाललं होतं.

माझे सासरे, आप्पा, माझगावच्या गोदीत वायरमन होते. अभिमानाने सांगावी अशी त्यांची गोष्ट एकच: एका जुन्या पाणबुडीच्या मोठ्या दुरुस्तीवर ते दोन वर्षं होते. त्यांच्या पंचाहत्तरीला त्याच पाणबुडीचं हातभर लांब मॉडेल करून द्यायचं, असं मी ठरवलं. (लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. तेवढ्या काळात मी त्यांना शालीशिवाय काही दिलेलं नाही. शाली सात झाल्या.) बायकोला, सुजाताला, यातलं काही सांगितलं नाही. ती तोंड बंद ठेवते, पण तिचा चेहरा अख्ख्या फणसवाडीला बातमी सांगून मोकळा होतो. म्हणून मॉडेलच्या सुट्या भागांचं किट ऑफिसच्या कपाटात ठेवलं आणि रोज सुटल्यावर दीड तास तिथेच बसायला लागलो.

सगळं ठीक चाललं होतं. मग भोकं आली. पाणबुडीच्या आतल्या जाड कवचावर पातळ पत्र्याचं आणखी एक कवच असतं. बुडताना पाणी शिरावं, वर येताना निघून जावं, म्हणून त्या पत्र्याला भोकांची रांग असते. किटमध्ये एक रांग होती. इंटरनेटवरच्या एका फोटोत दोन. दुसऱ्या फोटोत डावीकडे एक, उजवीकडे दोन. शहाण्या माणसाने इथे डोळे मिटून एक फोटो निवडला असता. मी मॉडेलवाल्यांच्या एका ग्रुपवर विचारलं. तिथल्या साशा नावाच्या परदेशी सभासदाने कळवलं, की मोठ्या दुरुस्तीत पत्रा बदलतात तेव्हा भोकंही बदलतात. नेमकी कशी होती, ते दुरुस्तीवर असलेला माणूसच सांगू शकेल.

तो माणूस लालबागला सुरमई खात बसलेला होता.

रविवारी आम्ही तिथेच, आप्पांकडे, जेवायला असतो. मी सहज विचारावं तसं विचारलं, की त्या पाणबुडीला बाहेरून भोकं किती होती? आप्पा चावायचे थांबले. म्हणाले, "सांगता येत नाही." पुढच्या रविवारी डावी-उजवी बाजू विचारली. तेच उत्तर. मला वाटलं, गोदीची शपथ आहे, इतक्या वर्षांनीही पाळतायत. आदर वाटला. तिसऱ्या रविवारी मी कागद-पेन घेऊन गेलो.

"जावयबापू, हे कोणासाठी विचारताय?"

"एका मित्राला हवंय."

"कुठला मित्र?"

"परदेशातला."

आज विचार करतो तेव्हा वाटतं, जिभेला हाड नसतं तर निदान डोक्यात तरी काही असावं.

त्याच सुमारास कुठल्यातरी बाईने फोनवरून गोड बोलून एकाकडून गोदीतली माहिती काढल्याची बातमी पेपरात आली होती. आप्पा पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. सोमवारी सकाळी त्यांनी लेकीला फोन केला. "गो, तुझो घोव कोणाक तरी म्हायती पुरवता. बाईमाणूस असतला."

देशाचं सुजाताने कदाचित पोटात घातलं असतं. पण बाईमाणूस म्हटल्यावर तिला माझं रोजचं उशिरा येणं आठवलं. मी आंघोळीला गेलो तेव्हा तिने माझा फोन उघडला. साशाचा मेसेज सगळ्यात वर होता: मागचा भाग फारच सुंदर झालाय, आणखी जवळून फोटो पाठव. त्याखाली माझं उत्तर: उद्या ऑफिसात कोणी नसताना काढतो.

टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तर ती फोन हातात धरून उभी.

"साशा कोण?"

"अगं, तसलं काही नाही. सगळं मॉडेलचं आहे."

"मॉडेल आहे?" म्हणत ती पलंगावर बसली.

पुढचा अर्धा तास मी ओल्या टॉवेलवर खुलासा करत होतो. जितका करावा तितका तो खोटा वाटत होता. माझा मलाच पटेना. तेवढ्यात आप्पा आले, लालबागहून टॅक्सीने. (आप्पा टॅक्सी फक्त बाळंतपणाला करतात.) काखेत पेपर होता. ते माझ्याजवळ बसले आणि हळू म्हणाले, "झालं ते झालं. चौकीवर एकटे जाऊ नका. मी येतो बरोबर."

मला भरून आलं. इतक्या वर्षांत कोणी माझ्याबरोबर कुठे यायला इतकं तयार नव्हतं.

शेवटी साशाला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर सत्तरीचा माणूस आला. छातीपर्यंत दाढी, मागच्या फळीवर चौदा पाणबुड्या. त्यांच्याकडे साशा पुरुषाचंही नाव असतं, हे मला आधीच माहीत होतं. घरी सांगायचं राहिलं होतं. सुजाताने त्याला नमस्कार केला. मला केला नाही.

लपवायचं काही उरलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॉडेल घरी आणलं. आप्पांनी चष्मा लावला, दोन्ही हातांनी ते उचललं आणि कितीतरी वेळ फिरवून फिरवून पाहिलं.

"बाहेरून अशी दिसायची होय ती?"

मी विचारलं, तुम्ही तर दोन वर्षं तिथे होता ना?

"सकाळी झाकणातून आत, संध्याकाळी झाकणातून वर. आतल्या तारा बघायच्या की बाहेरची भोकं मोजायची? म्हणून तर म्हटलं, सांगता येत नाही." मग त्यांनी एका भोकातून आत डोकावायचा प्रयत्न केला. "आतलं काय केलं?"

आत पोकळ आहे, असं मी सांगितलं. माझ्यावर हेरगिरीचा संशय होता तेव्हाही त्यांचा चेहरा इतका पडला नव्हता.

तेव्हापासून दर रविवारी साडेनऊला ते आमच्याकडे हजर असतात. कुठली तार कुठून कुठे जायची, सगळं त्यांना तोंडपाठ आहे. ते सांगतात, मी दोरे चिकटवतो. पण आतलं दिसायचं तर एक बाजू कापायला हवी. आणि एका बाजूला मी, शेवटी डोळे मिटून एक फोटो निवडून, हाताने चौसष्ट भोकं पाडली होती.

"तीच कापा," आप्पा म्हणाले.

कापली. खरा हेर असतो तर निदान पळून जायची तरी सोय असती. जावयाने कुठे जायचं?