बाहीत अडकलेली मुलगी

बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं शिलाईचं दुकान होतं. मोठ्या बायका तिला ताई म्हणायच्या, त्यांच्या मुली मावशी. माप घेताना ताई कधी आकडा मोठ्याने बोलायची नाही. एखादी बाई पोट आत ओढून उभी राहिली की म्हणायची, "श्वास सोडा हो, कापड माझ्या बापाचं नाही, तुमचंच आहे." बाई हसायची, पोट जागेवर यायचं आणि माप बरोबर मिळायचं. अंगाने जाड, खांद्याने वाकड्या, कुठे भाजल्याचे डाग असलेल्या, अशा सगळ्या तिच्याकडे निर्धास्तपणे यायच्या.

नवरा ट्रकवर असायचा, महिन्यातून चार दिवस घरी. एकच मुलगी, घरात तिला चिऊ म्हणत. चिऊ कॉलेजातून आली की दुकानात बसून काज-बटणं करायची, इस्त्री करायची आणि मधूनमधून फोनमध्ये डोकं खुपसायची.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांची मुलगी चिऊच्याच वर्गात होती. अंगाने भरलेली, बोलायला मोकळी. कॉलेजच्या कार्यक्रमात ती निवेदन करणार होती, त्यासाठी तिने निळा ड्रेस शिवायला टाकला. कापताना ताईच्या हातून बाही आखडली होती. मुलगी फिटिंगला आली आणि अंगातल्या कपड्यांवरूनच ड्रेस चढवायला गेली, तर दोन्ही हात वर आणि डोकं आत, अशी अडकून बसली. ताई पुढे एका गिऱ्हाइकाशी बोलत होती. कपडे बदलायच्या पडद्याआडून तिचं आणि चिऊचं खिदळणं ऐकू आलं, तसं तिने तिथूनच विचारलं, "काय गं, जमतंय का?"

शेवटी आत जाऊन तिने बाही उसवली. "माझीच चूक गं. बाही आखडली."

"राहू दे हो मावशी, माझे दंडच तसे आहेत," मुलगी घाम पुसत म्हणाली. चेहरा लाल झाला होता, पण हसत होती.

त्यानंतर गल्लीतली पोरं अधूनमधून "जमतंय का?" असं ओरडायला लागली. ताईला वाटलं, एखाद्या नव्या गाण्यातलं असेल. ड्रेस तयार होऊन टांगलेला राहिला, न्यायला कोणी आलं नाही. कार्यक्रमही होऊन गेला.

मग एक दिवस एका शिक्षिकाबाईंनी तिच्यासमोर फोन धरला. "ताई, हे तुमचंच दुकान ना?"

निळ्या कापडात डोकं अडकलेली मुलगी गोल गोल फिरत होती, भिंतीवर आपटत होती. मागे सर्कशीचं संगीत लावलं होतं. आणि मध्येच ताईचा स्वतःचा आवाज, "काय गं, जमतंय का?" तेवढाच तुकडा कोणीतरी तीनतीनदा जोडला होता. खाली शेकडो लोकांनी लिहिलं होतं. दोन ओळी वाचल्या आणि ताईच्याने पुढे वाचवेना.

संध्याकाळी चिऊ आली, तेव्हा तिने मशीन बंद केलं.

"तू काढलंस?"

चिऊने हातातला फोन पाठीमागे धरला. मग म्हणाली, "आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं होतं गं फक्त. पुढे कोणी पाठवलं मला नाही माहीत. आणि तीपण हसत होती की!"

"डोकं कापडात होतं तिचं. तुला कुठे दिसलं ती हसत होती ते?"

चिऊचं तोंड एवढंसं झालं.

"काढून टाक ते."

"मी कधीच काढलंय, आई. आता सगळ्यांकडे आहे ते. नाही निघत."

दुसऱ्या दिवशी ताई तिला घेऊन औषधवाल्यांच्या घरी गेली. मुलीच्या आईने दार उघडलं. त्या बाईला रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. "कॉलेजला जात नाही ती," त्या म्हणाल्या. "ताट खोलीत नेऊन ठेवते, तसंच परत येतं. एवढ्या उकाड्यात बाबांचा स्वेटर घालून बसते." मग जरा थांबून म्हणाल्या, "दुसऱ्या शिंप्याकडे जायला लाजायची. म्हणून तुमच्याकडे पाठवायचे मी."

ताईने चिऊला पुढे केलं.

बंद दारासमोर उभं राहून चिऊने माफी मागितली. रडायला लागली, वाक्य अर्धंच राहिलं. मग आतून आवाज आला, "मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

"नाही गं बाळा. शप्पथ."

"मग ठीक आहे."

चिऊला ती एक शब्दही बोलली नाही. दारही उघडलं नाही.

कॉलेजने चिऊला काही दिवस घरी बसवलं. ज्यांनी संगीत लावलं, ज्यांनी खाली लिहिलं, त्यांना कोणी विचारलंही नाही. औषधवाल्यांची मुलगी मामाकडे दुसऱ्या गावी गेली आणि तिथून बाहेरून परीक्षा देऊ लागली. चिऊचं दुकानात बसणं ताईने बंद केलं. तरी बायका येईनाशा झाल्या. आल्या तरी आत जायच्या आधी पडद्यामागे वाकून बघायच्या. ताईने त्यांना कधी दोष दिला नाही. पोटची पोर, टाकून कशी द्यायची? ती चिऊचं सगळं करायची, आजारपणात उशाशी बसायची. पण पूर्वीसारखी थट्टा तिच्याशी तिला जमेना.

दोनेक वर्षांनी औषधवाल्यांच्या बाई कोटाला अस्तर लावायला घेऊन आल्या. ताईने हळूच विचारलं, "कशी आहे?"

"बरी आहे. घरी बसूनच नोकरी करते. फोटो मात्र काढू देत नाही. मामेभावाच्या लग्नातही नाही काढू दिला."

"तिला एखादा ड्रेस शिवून देऊ का? तुम्ही म्हणाल तसा."

बाईंनी मान हलवली. "तयार कपडे घेते आता. दोन मापं मोठे. अंगाला टेप लावू देत नाही कुणाला."

त्या गेल्या, तेवढ्यात चिऊ दुकानात डोकावली. "कोण आलं होतं, आई?"

"गिऱ्हाईक," ताई म्हणाली, आणि कोट उलटा करून जुनं अस्तर उसवायला बसली.