तनीनाची पंगत

संत जोसेफच्या दिवशी, मार्चातल्या गोठवणाऱ्या थंडीत, वस्तीला पंगत घालायची हा तनीना स्कोत्सारीच्या आईचा नवस. पंगतीचा शिधा विकत आणायचा नाही, झोळी पसरून दारोदार मागायचा. आणि त्या दिवशी दारात येईल त्याला माघारी पाठवायचं नाही, मग तो वैरी का असेना. अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या पश्चिम भागातल्या साऱ्या सिसिलियन घरांना हे ठाऊक होतं.

आई गेल्यावर नवस तनीनाकडे आला. त्याच सुमारास तिचा धाकटा भाऊ लिल्लो वर चढत होता. गोदीवर पोती वाहणारा लिल्लो आधी हमालांचा म्होरक्या झाला, मग जुगाराच्या अड्ड्यांचा मालक, आणि बघता बघता अख्खी वस्ती त्याच्या मुठीत आली. लोक त्याला डॉन लिल्लो म्हणू लागले.

"डॉन लिल्लोची बहीण दारोदार मागत फिरणार?" त्यानं तिला दटावलं. "बस घरी. लोक आपणहून आणून देतील."

खरंच मैद्याची पोती, तेलाचे डबे, तारल्यांच्या पेट्या दारात येऊन पडू लागल्या. भोळी तनीना म्हणायची, काय ही लोकांची भक्ती!

पुढे लिल्लोच्याच ड्रायव्हरनं कोर्टात तोंड उघडलं आणि लिल्लो तुरुंगात गेला. त्या मार्चात तनीनाच्या दारात साधं लिंबूही आलं नाही. मग टोपली घेऊन तीच निघाली. पहिलं दार ठोठावलं ते बेकरीवाल्या नुन्त्सियाचं.

"नुन्त्सियाबाई, संताच्या नावानं थोडा मैदा घाला."

"आता मागतेस होय गं? इतकी वर्षं नेत होतात की!"

"अहो, लोक आपणहून देत होते..."

"आपणहून! माझ्या नवऱ्यानं एकदाच नाही म्हटलं, तर पहाटे भट्टी पेटण्याआधीच दुकान पेटलं. त्या धसक्यानंच गेला तो. विचार तुझ्या भावाला!"

रिकामी टोपली घेऊन तनीना घरी आली. त्या वर्षी पंगत झाली नाही.

पण पुढच्या वर्षी ती पुन्हा निघाली, त्याच्या पुढच्या वर्षीही. प्रत्येक दारात ऐकून घ्यायचं, खालमानेनं "तुमचं खरं आहे" म्हणायचं, पुढच्या दाराला जायचं. होता होता कुणी मूठभर डाळ टाकली, कुणी बडीशेपेच्या पाल्याची जुडी. एका वर्षी नुन्त्सियानं संताच्या दाढीच्या आकाराचा मोठा पाव आणून टेबलावर ठेवला. "संतासाठी आणलाय. तुझ्यासाठी नाही," म्हणाली, पण बसली, जेवली. त्यानंतर पंगत पुन्हा भरू लागली. तनीनाला आयुष्यात दुसरं काही नकोच होतं.

आजारी लिल्लोला तुरुंगातून सोडून दिलं, ते नेमकं सणाच्या तोंडावर. तळ्याकाठी एक खोली घेऊन तो राहिला. "येऊ ना गं पंगतीला?" त्यानं विचारलं.

तो आला. काठी टेकत दारात उभा राहिला, तेव्हा सगळ्यांच्या ताटात नुकत्याच शेवया वाढून झाल्या होत्या. सगळे तनीनाकडे बघू लागले.

"ये, लिल्लो," ती म्हणाली. त्या दिवशी दुसरं काही म्हणताच येत नव्हतं.

खुर्च्या सरकल्या. आधी नुन्त्सिया उठली, मग एकेक करत सगळेच. लिल्लोच्या राज्यात तो आत आला की असेच उठायचे लोक. त्यानं हसून हात वर केला.

"बसा, बसा! माझ्यासाठी कशाला उठता?"

लोक खुंटीवरचे कोट काढत होते.

नुन्त्सिया जाताना तनीनाच्या कानाशी थांबली. "नियम नियमच आहे. तुझं चुकलं नाही गं. पण पुढच्या वर्षी माझ्या दारात येऊ नकोस."

दार लागलं. लिल्लो टेबलाच्या मधोमध बसला, ताट पुढे ओढलं, शेवयांवर पावाचा भाजलेला चुरा भुरभुरवला.

"बघितलंस?" तो म्हणाला. "अजून मान आहे आपल्याला."

"हो रे," तनीना म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी वाढलं. स्वयंपाक अख्ख्या वस्तीला पुरेल एवढा होता.