ते लॉक अक्कांनी केलं होतं

अक्कांच्या हत्यारांच्या पेटीत कानशी, पकडी आणि छिन्न्यांच्या गर्दीत काजळाची एक डबी असायची. उमरग्यात हायवेच्या कडेला त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. नव्या गिऱ्हाइकाला ती डबी दिसली की तो गालातल्या गालात हसायचा. अक्कांनी डोळ्यांत काजळ घातलेलं मात्र मी कधी पाहिलं नाही. लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांना नेमके कुठं टेकतात हे बघायला त्या एकाला काजळ फासायच्या, दुसरा त्यावर दाबायच्या आणि काळा डाग उठेल तिथंच कानस चालवायच्या. "निस्त्या डोळ्यानं अंदाज चुकतोय दादा. काजळ लावलं की कळतंय कुठं अडायलंय ते," असं त्या म्हणायच्या.

दुकान मुळात त्यांच्या नवऱ्याचं. नवऱ्याला सगळे मिस्त्रीच म्हणत. डोळ्यांपुढं काच न धरता वर्षानुवर्षं वेल्डिंग केल्यानं त्यांची नजर अधू होत होत पार गेली. मग अक्कांनी काम हातात घेतलं. सुरुवातीला मिस्त्री शेजारी बसायचे आणि ठिणग्यांच्या नुसत्या आवाजावरून सांगायचे, "हात लांब गेला बघ, जवळ घे." काही वर्षांनी त्यांना सांगण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ते दुकानाबाहेर बाजेवर बसून गिऱ्हाइकांशी बोलायला लागले. येणारा प्रत्येक जण आत डोकावून विचारायचा, "मिस्त्री कुठायत?" अक्का हातातलं काम न थांबवता म्हणायच्या, "बोलायचं असंल तर भाईर बसल्यात. काम असंल तर हितं दावा."

माझं उमरग्यातच औषधांचं दुकान आहे. वडिलांची तेलघाणी होती. करडईच्या तेलाचे डबे न्यायला-आणायला त्यांनी माझ्या जन्माआधी एक पिकअप घेतली होती. वडील गेल्यावर ती शेडमध्ये धूळ खात पडली. ती पुन्हा रस्त्यावर आणायचं मी मनावर घेतलं. इंजिन झालं, रंग झाला, पण बॉनेटचं लॉक कुठं मिळेना. जुन्या लॉकचा दात झिजून चिरला होता आणि गाडीनं वेग घेतला की बॉनेट उचलायचं. वडील ते दोरीनं बांधत. सोलापूरचा भंगारबाजार पालथा घालून मी शेवटी अक्कांकडं गेलो.

अक्कांनी जुनं लॉक हातात घेतलं आणि अंगठ्यानं बराच वेळ चाचपलं. मग बाहेर येऊन बॉनेट दोन-चारदा उघडून मिटलं.

"दात एकाच अंगाला झिजलाय," त्या म्हणाल्या. "लॉकचा दोष न्हाय. बॉनेट वाकडं बसायलंय. आदी ते सरळ करावं लागंल, न्हाय तर म्या केलेलं बी असंच झिजंल."

सोलापूरच्या तीन मेकॅनिकांनी ती गाडी उघडली होती. एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं.

लॉक व्हायला चार दिवस लागले. अक्कांनी आधी बॉनेटच्या बिजागऱ्या सरळ केल्या. मग एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून दाताचा आकार कापला, तो जागेवर लावून बघितला, पुन्हा कापला. ट्रॉलीच्या स्प्रिंगचा एक मोडका पाटा पडला होता, त्याचं लोखंड त्यांनी तापवलं, पुठ्ठ्याबरहुकूम कापलं, घासलं, परत तापवून तेलात बुडवलं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "अक्का, आज होईल ना?" त्या म्हणाल्या, "घाई असंल तर दोरी हाय की. तुमच्या वडलांनी चालिवलंच न्हवं?" मिस्त्री बाजेवरून मोठ्यानं हसले.

काम झालं असं अक्का सहज म्हणत नसत. तयार लॉक बसवल्यावर त्या स्टुलावर बसून कितीतरी वेळ बॉनेट उघडत आणि मिटत राहिल्या. मग मला गतिरोधकावरून गाडी मुद्दाम जोरात न्यायला लावली. लॉकच्या खाली त्यांनी मी न सांगताच आणखी एक आकडा बसवला होता. "पहिलं निसटलं तर ह्यो धरंल," त्या म्हणाल्या. "बॉनेट उडून काचंवर आलं तर मानूस जाईल की."

हे सगळं मी मोबाइलवर टिपत होतो. त्या जुन्या गाडीचं एकेक काम मी इंटरनेटवर टाकायचो आणि बघणारेही बरेच जमले होते. अक्कांनी तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा आणि हातांत कातडी मोजे घातलेले. चित्रात दिसत होते ते फक्त हात. घरी बसून मी त्याला माझा आवाज दिला: "हे लॉक कुठंच मिळेना, म्हणून शेवटी स्वतःच बनवायचं ठरवलं." बनवून घ्यायचं, असं म्हणायला हवं होतं. तो एक शब्द मी गाळला. चुकून नव्हे, दोन्ही वाक्यं मी म्हणून बघितली होती आणि पहिलं जास्त बरं वाटलं होतं. लोकांनी डोक्यावर घेतलं. "तुमच्या हातात कला आहे," असं कुणीतरी लिहिलं. त्याखाली मी लिहिलं, "मनापासून आभार."

अक्कांच्या लेकीनं तो व्हिडिओ त्यांना दाखवला. मी दुकानावरून जाताना अक्कांनी हाक मारली. "दादा, बघितलं की म्या! आवाज तुमचा अन् हात माजे!" त्या खळखळून हसल्या. त्यांना ती गंमत वाटली. मीही हसलो आणि गाडी पुढं काढली.

त्यानंतर काही महिन्यांनी तालुक्याच्या सरकारी कार्यालयातर्फे मुलींसाठी वेल्डिंगचा वर्ग निघणार असं ठरलं. शिकवायला इथलाच कारागीर हवा होता. अक्कांनी अर्ज केला. चौथीपर्यंतच शिकलेल्या, म्हणून प्रमाणपत्राऐवजी त्यांनी केलेल्या कामांची यादी जोडायची होती आणि ज्यांची कामं केली त्यांना विचारून अधिकारी खात्री करणार होते. अक्कांनी यादीत पहिलं काम लिहिलं ते माझ्या पिकअपच्या लॉकचं. गेट आणि जाळ्या कुणीही करतं. हे काम आपलं, असं त्यांना वाटत असणार.

चौकशीला एक तरुण अधिकारी माझ्या दुकानात आला, तेव्हा नेहमीचे चौघे मित्र खुर्च्या टाकून बसले होते. अधिकाऱ्यानं कागद बघून विचारलं, "या बाई म्हणतात हे लॉक त्यांनी बनवलं. पण तुमच्या व्हिडिओत तुम्ही स्वतः बनवल्याचं सांगताय. नक्की कुणी केलं?"

मी तोंड उघडायच्या आत एक मित्र म्हणाला, "अहो, यांनीच! आम्ही सगळ्यांनी बघितलाय व्हिडिओ."

अधिकारी माझ्याकडं बघत राहिला. चौघेही बघत होते. 'अक्कांनी केलं' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "काम तसं मीच केलं. दुकान त्यांचं वापरलं. त्यांनी मदत केली."

त्यानं ते लिहून घेतलं. मी खाली सही केली.

चार दिवसांनी अक्का माझ्या दुकानात आल्या. कधी नव्हे ते इस्त्रीची साडी नेसून. गिऱ्हाईक जाईपर्यंत त्या कडेला थांबल्या, मग हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, हापिसात म्हनायलेत, माजी यादी खोटी हाय. एक काम खोटं निगालं तर बाकीचं कसं खरं मानायचं, म्हनायलेत. तुमी काय सांगितलाव?"

"काहीतरी गैरसमज झाला असेल अक्का," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग चला की आत्ताच. तुमच्या तोंडानं सांगा, मंजी मिटलं."

"आज दुकानात एकटाच आहे. उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. मी पुन्हा उद्या म्हणालो. तिसऱ्या दिवशी त्या येताना दिसल्या तेव्हा मी मागच्या गोदामात गेलो आणि औषधांची खोकी उगाच इकडची तिकडं लावत बसलो. नोकरानं त्यांना काय सांगितलं ते मी विचारलं नाही. चौथ्या दिवशी त्या आल्या नाहीत.

वर्गावर बाहेरगावचा एक माणूस नेमला गेला. पुढं हायवेवरून जाताना मला अक्कांच्या दुकानाचं शटर बंद दिसलं. शेजारचा चहावाला म्हणाला, लोहाऱ्याला पेरणीयंत्रं बनवतात तिथं अक्का कामाला लागल्या, मिस्त्रींनाही घेऊन गेल्या. त्या दिवशी घरी आल्यावर मी तो व्हिडिओ काढून टाकला. मोबाइलमधलं मूळ चित्रणही पुसलं. ते समोर दिसणं सहन होत नव्हतं. मग त्या कार्यालयात जाऊन खरं काय ते लिहून दिलं. तोच अधिकारी होता. कागद वाचून तो म्हणाला, "वर्ग अर्धा झाला आता. हे तेव्हाच सांगायचं होतं ना."

यंदा उन्हाळ्यात मी पिकअप घेऊन लोहाऱ्याला गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये पाच-सहा माणसं काम करत होती आणि अक्का मधोमध बसून पेरणीयंत्राच्या एका फणाला भोक पाडत होत्या. त्यांना बाजूला बोलवावं असं वाटलं. मग वाटलं, खोटं चौघांसमोर बोललो होतो. म्हणून तिथंच उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "बाहेर ती पिकअप आहे, तिचं लॉक अक्कांनी केलंय. मी केलं म्हणून मी खोटं सांगितलं, सही करून सांगितलं. त्यामुळं त्यांचं वर्गावर शिकवायचं काम गेलं."

ग्राइंडर थांबला. एक जण उठून बाहेर गेला, बॉनेट उघडून बघून आला आणि म्हणाला, "मंग? असलं काम अक्का सोडून दुसरं कोन करनार?" ग्राइंडर पुन्हा सुरू झाला.

अक्का पदराला हात पुसत माझ्यासोबत बाहेर आल्या. "मला ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "हापिसात वाचून दाखिवलं हुतं. तुमची सही बी दाखिवली."

"मग तुम्ही तीनदा कशाला आलात अक्का?"

"वाटलं, तुमी संगं येतालाव."

मला त्यांच्याकडं बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मी तो व्हिडिओ काढून टाकला अक्का." हे सांगताना मला जरा बरं वाटलं, हेही कबूल करायला हवं.

अक्का चमकल्या. "काडून टाकलाव? समदा?"

"हो."

"अन् कशाला?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "लेक आल्यागेल्याला दावायची. ह्यांनला दिसत न्हाय, पर त्यातल्या कानशीचा आवाज ऐकत बसायचे. हल्ली लागंना, तर आमाला वाटलं फोनच बिगाडला." त्या थोडं थांबल्या. "त्यात माजं नाव घालायचं हुतं दादा. पुसायचं न्हवतं."

आतून कुणीतरी "अक्का!" म्हणून हाक मारली. त्या गेल्या. मी गाडीत बसून मोबाइल काढला आणि त्यात काही उरलंय का ते वरपासून खालपर्यंत शोधत राहिलो. गाडीचे शंभरेक फोटो निघाले. प्रत्येकात बॉनेटला टेकून मी उभा होतो.