कोणालाही न सांगता धुतलेली टाकी

जुनवानी भागातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक दारावर जाऊन मी सांगून आलो की, छतावरची टाकी मी कोणालाही न सांगता धुणार आहे.

झालं असं, की तळमजल्यावरचे देशकर काका मुलाकडे नागपूरला राहायला गेले आणि थोड्याच दिवसांत नळाच्या पाण्याला वास सुटला. तेव्हा कळलं, इतकी वर्षं टाकी काकाच धुवत होते. (आम्हाला वाटायचं, झाकण आहे म्हणून आत घाण जात नाही.) इथल्या स्टील प्लांटमधून फोरमन म्हणून रिटायर झालेला माणूस, पण कधी कोणाला हुकूम सोडला नाही. ते झाडू घेऊन जिन्यात आले की लोक आपोआप आपलं दार झाडायला लागायचे. मी सोसायटीचा नवा अध्यक्ष. म्हटलं, आपणही असंच करायचं.

"अख्ख्या बिल्डिंगले सांगून आले, अन् म्हणता चुपचाप करून राहिलो," बायको, सुषमा, म्हणाली.

"लोकायले दिसलं नाही तर ते शिकतीन कसे?"

"काकायनं कोणाले दाखवलं होतं?"

हा प्रश्न घरीच ठेवून मी छतावर गेलो.

रविवारी सकाळी लोक आले. खरंच आले! खुर्च्या घेऊन. मी टाकी रिकामी केली, शिडी लावून आत उतरलो आणि घासायला लागलो. टाकीच्या झाकणातून पहिल्या मजल्यावरच्या साहूजींचं तोंड डोकावलं.

"भाईसाहब, उस कोने में रह गया."

"जरा बाल्टी पकडेंगे?"

"बिल्कुल, बिल्कुल," म्हणत त्यांनी माझा फोटो काढला. मग ऊन चढलं. "अध्यक्षजी, आपको अभी टाइम लगेगा न?"

मी हो म्हटलं. शिडी वर गेली. (त्यांना घरचा पंखा पुसायचा होता.)

खाली नळ कोरडे पडले, तसं कोणीतरी मोटार चालू केली. पाण्याची धार थेट माझ्या डोक्यावर. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. टाकीत आवाज असा घुमला की, खाली म्हणे साहूजी हात जोडून म्हणाले, "भजन गा रहे हैं."

सुषमानं मात्र ओळखलं. आधी मोटार बंद केली, मग साहूजींकडून शिडी हिसकावून आणली. मी गाळानं माखलेला, कुडकुडत बाहेर आलो. तिनं सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आत उतरली. तिला पाहून साहूजींची बायको आली, मग वरच्या मजल्यावरच्या दोघी. दुपारपर्यंत टाकी लख्ख झाली. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी खाली मीटिंग झाली. हार मला घातला. मी "नको, नको" म्हणत मान पुढे केली. खरा नेता कधी माइक धरत नाही, हे मी माइकवरून बराच वेळ समजावलं. टाकी धुणाऱ्यांपैकी तिथं मी एकटाच होतो. बाकीच्या वर मीटिंगचे पोहे करून राहिल्या होत्या.

घरी येऊन मी सुषमाला एवढंच म्हटलं, की पोहे जरा थंड होते. अध्यक्षानं कोणाला तरी दोन शब्द सुनावावेच लागतात, आणि बाकी बिल्डिंगमध्ये माझं ऐकणारं कोणी नव्हतं.

तिनंही ऐकलं नाही.